परतीच्या गाडीआधी

जळगाव हे बहुतेक मराठी माणसांनी रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेलं गाव आहे. नागपूरला किंवा दिल्लीला जाताना अपरात्री कधीतरी गाडी थांबते, फलाटावर केळीवाले ओरडत फिरतात, कुणीतरी डझनभर घेतं आणि गाडी भुसावळकडे निघते. अजिंठ्याला जाणारे इथे उतरतात खरे, पण स्टेशनाबाहेरच गाडी ठरवून साठेक किलोमीटरवरची लेणी गाठतात आणि संध्याकाळी परत फलाटावर हजर होतात. गावात कुणी राहत नाही. मीही राहिले नसते, पण परतीचं आरक्षण हव्या त्या तारखेला मिळालं नाही. चाळीसगावजवळची पाटणादेवी, अजिंठा, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ, सगळं पाहून झालं होतं. बरोबरची मंडळी निघून गेली होती. मी, एक सॅक आणि मोकळे दिवस, एवढंच उरलं.

लॉजच्या काउंटरवरच्या काकांना माझी काळजी वाटू लागली. "अजिंठा झालं ना? मग गांधीतीर्थ करून टाका." तेही केलं. जैन हिल्सवरचं ते संग्रहालय 2012 मध्ये सुरू झालं. नीट मांडलेलं आहे, पाहावं असं आहे, आणि त्यात एक अख्खी सकाळ जाते. दुपारी परतले तर काका म्हणाले, "आता काय, ताई? जळगावात पाहण्यासारखं काय आहे!"

हे वाक्य मला खान्देशात जागोजागी ऐकू आलं. रिक्षावाल्याने ऐकवलं, वेफर्सच्या दुकानातल्या मुलाने ऐकवलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या शिक्षिकेनेही. उन्हाबद्दल, धुळीबद्दल, खड्ड्यांबद्दल आपणच आधी माफी मागून घ्यायची, म्हणजे पाहुण्याला नावं ठेवायला काही शिल्लक राहत नाही, अशी काहीशी रीत असावी. पुण्याच्या माणसाला ही रीत नवी. आमच्याकडे पाहुण्याने माफी मागायची असते.

तर न पाहण्यासारखं जळगाव मी निवांत पाहिलं. महापालिकेची सतरा मजली इमारत कुठूनही दिसते, आणि रस्ता विचारला की उत्तर तिच्यापासूनच सुरू होतं: सतरा मजलीच्या मागे, सतरा मजलीवरून डावीकडे. सकाळी पोहे, दुपारी शेवभाजी, संध्याकाळी मेहरूण तलावाच्या काठाने फेरी. काठावर पाटीवाल्या बायका बोरं विकतात. मेहरूणची बोरं म्हणून ती इथे नावाजलेली आहेत. मी गेले तेव्हा हंगाम नुकताच तोंडावर आला होता, बोरं अजून अर्धी हिरवी होती. पाटीवाली म्हणाली, "आठ दिवसांनी या, मंग चव सांगा." आठ दिवसांनी मी नसणार हे सांगितल्यावर तिने मूठभर बोरं फुकट दिली.

सराफ बाजारात मला काहीही घ्यायचं नव्हतं, म्हणून तिथे जास्त वेळ गेला. जळगावचं सोनं हे प्रकरण जुनं आहे; राजमल लखीचंद ही पेढी 1854 पासूनची. एका लहानशा दुकानात पाणी प्यायला म्हणून टेकले, तर शेजारी एक शेतकरी कुटुंब लग्नाची खरेदी करत होतं. कापसाचे पैसे हातात आलेले होते. नवरी मुलगी गप्प होती आणि तिची आजी बोलत होती. काट्यावरचा आकडा सगळ्यांनी पाहिला. आजीने पाहिला नाही. तिने पोत हातात घेतली, तळव्यावर दोनदा वर-खाली केली आणि "बरोबर हाय" म्हणून परत ठेवली. सराफही तिच्याकडेच बघत थांबला होता.

जुन्या जळगावात राममंदिराच्या बाजूला चहा प्यायला बसले, तर चहावाल्याने रथाचा विषय काढला. कार्तिकी एकादशीला इथे रामाचा रथ निघतो, 1872 पासून. अप्पा महाराजांनी सुरू केलेला. यंदाचा नुकताच होऊन गेला होता आणि चहावाल्याच्या अंगातून अजून उतरला नव्हता. "ओढायला काय, हजार हात असतात," तो म्हणाला. "वळवतो कोण, ते पाहायचं." आणि त्याने बशी उभी धरून टेबलावर चाकासारखी घरंगळवली, मग पारलेच्या बिस्किटाचा तुकडा तिच्या एका बाजूला सारला. बशी वळली. ही मोगरी, लाकडाची. फिरत्या चाकाखाली ती नेमक्या क्षणी सारायची आणि नेमक्या क्षणी हात काढून घ्यायचा. बिस्किट पुढे त्याने चहात बुडवून खाल्लं. बहिणाबाई चौधरींनी अप्पा महाराजांवर गाणं रचलं आहे, हे मी त्याला सांगायला गेले, तर तो म्हणाला, "रचणारच ना, त्यांचा वाडा इथून कितीसा लांब आहे?"

चौधरी वाडा मी त्याच्याकडूनच रस्ता घेऊन गाठला. आता तिथे स्मृतिसंग्रहालय आहे. शेतीची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, वापरून गुळगुळीत झालेल्या वस्तू. लेखकाच्या स्मारकात एरवी काय असतं? टेबल, टाक, दौत, हस्तलिखित काचेखाली. इथे त्यातलं काही असण्याचा प्रश्नच नव्हता. बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गाणी रचायच्या हात कामात असताना, आणि ती टिपून ठेवली मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी. बाई 3 डिसेंबर 1951 ला गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक निघालं, हा इतिहास आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. शाळेत शिकलो नाही ते हे की ही सगळी वस्तुजात एका शेतकरी घरात रोज राबलेली होती. कविता सुचायला वेळ लागतो, एकांत लागतो, असं आम्ही लिहिणारी माणसं एकमेकांना सांगत असतो. त्या भांड्यांपुढे ते बोलायची हिंमत मला झाली नाही.

भिंतीवर माहेरचं नाव होतं: असोदा. नागपंचमीचा जन्म, 1880. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या या वाड्यात आल्या. मी तिथल्या माणसाला विचारलं, "असोदा किती लांब आहे?"

"हे काय, पाच-सहा किलोमीटर. रेल्वे फाटक ओलांडलं की लागलंच."

मला धक्काच बसला. बहिणाबाईंच्या गाण्यांत माहेरची वाट केवढी मोठी आहे! पाय पोळणारी, ठेचा लागणारी, आणि तरी हवीहवीशी. वाचताना वाटायचं की बाई दिवसभर चालत असणार, मुक्काम करत असणार. आणि प्रत्यक्षात ती सकाळी निघून न्याहारीला पोचण्याइतकी. बाकीचं सगळं अंतर त्या वाटेत बाईंनी भरलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी ती चालायची ठरवली. काकांनी वेड्यात काढलं ("शेअर रिक्षा मिळते ना!"), पण मला तरी दुसरं काय काम होतं? मार्गशीर्षातलं ऊन खान्देशात सहन होण्याजोगं असतं. मे महिन्यात हा विचार कुणी मनातही आणू नये. फाटकाच्या बाजूने शहर संपता संपत नाही. गॅरेजं, प्लॉटच्या पाट्या, मंगल कार्यालय, परत प्लॉटच्या पाट्या. मग एकदम काळी जमीन. एका बाजूला केळीच्या बागा, खोडांना टेकू दिलेले, घड निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले. दुसऱ्या बाजूला वेचणी चाललेली कपाशी. बायका कमरेला ओट्या बांधून ओळीत पुढे सरकत होत्या. एकीने मान वर करून विचारलं, "कुठी चालल्या?" असोद्याला, म्हटलं. "पायी? नवस हाय का?" नवस नाही म्हटल्यावर ती हसली आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. मग दोघी हसल्या.

चालणं फार सुंदर वगैरे नव्हतं, हे सांगायला हवं. डंपर अंगावरून जात होते, धूळ दातांत कचकचत होती, आणि बहिणाबाईंची वाट म्हणून मी जी धरून चालले होते ती आताची डांबरी सडक होती. जुनी पायवाट नेमकी कुठून जात असेल कोण जाणे. तरीही तासाभराने घामेजून गावात शिरले तेव्हा पाच-सहा किलोमीटर म्हणजे काय ते पायांना कळलं होतं. काखेत पोर, डोक्यावर गाठोडं आणि वर वैशाखातलं ऊन एवढं त्यात मिळवलं, की गाण्यातलं अंतर बरोबर जुळतं.

असोदा मोठं, नांदतं गाव आहे. पारावर बसलेल्या मंडळींना मी कशासाठी आले ते सांगावं लागलं नाही. बाहेरून येणारं माणूस एकतर बहिणाबाईंसाठी येतं नाहीतर वांग्यांसाठी. स्मारकाचं काम किती वर्षं रेंगाळलं यावर पारावर दोन मतं होती आणि दोन्ही जोरात होती. जळगावच्या विद्यापीठाला 2018 मध्ये बाईंचं नाव दिलं, यावर मात्र एकमत होतं. "शाळेत गेली नाही, पण शाळा तिच्या नावावर," एक आजोबा म्हणाले. हे ते प्रत्येक पाहुण्याला म्हणत असावेत. म्हणून झाल्यावर त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"वांगी नेणार ना?" दुसऱ्याने विचारलं. आणि मग बहिणाबाई मागे पडल्या.

भरिताचं वांगं खान्देशात साधी भाजी नाही. जळगावच्या केळ्याबरोबर इथल्या भरिताच्या वांग्यालाही 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. असोदा, भादली, तापीपलीकडचं बामणोद ही त्याची नावाजलेली गावं. रंग जांभळा नाही, फिकट हिरवा, त्यावर पांढरट छटा, हाताला तुकतुकीत, दोन्ही हातांत धरावं एवढं मोठं, आणि आत बी अगदी कमी. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवतात, आणि हिवाळाभर शेताशेतांत भरीत पार्ट्या चालतात. तशीच एक त्या दिवशी पाराशेजारच्या एका घरच्या मळ्यात होती. "आल्या तश्या बसा, भरीत खाल्ल्याबिगर कुठी जाता?" असं घरधन्याने म्हटलं आणि मला काही विचार करू न देता त्याच्या मुलीने माझी सॅक उचलली.

मळ्यात मागल्या हंगामातल्या कपाशीच्या पऱ्हाट्या रचून पेटवल्या होत्या. आमच्या घरी वांगं गॅसवर जाळी ठेवून भाजतात, हे मी तिथे चुकून बोलले. एक वहिनी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मी दूध पाण्यात उकळते म्हटलं. पऱ्हाट्यांचा जाळ उंच उठतो, लवकर बसतो. वांगी जाळात टाकायची, काठीने फिरवत राहायचं, साल काळी होऊन तडकली आणि देठाजवळ रस फसफसायला लागला की बाहेर ओढायची. देठ काढत नाहीत. तोच धरून साल सोलतात. बोटं भाजतात म्हणून शेजारी पाण्याचं भांडं. एक थेंबही वाया न जाऊ देता तो मऊ गर लाकडी भांड्यात पडत होता आणि दोन पुरुष समोरासमोर उभे राहून मुसळांनी तो ठेचत होते, एकाचं वर तर दुसऱ्याचं खाली. जाळात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण आधीच ठेचून ठेवलेले. मग कढईत तेल सढळ, शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. हळद नाही. हळद घालू का असं कुणी विचारतही नाही.

वाढलं केळीच्या पानावर, कळण्याच्या पुऱ्यांबरोबर. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ ते कळणं. पुरी काळपट, खरपूस. पहिल्या घासाला धूर लागतो, मग गोडसर वांगं, आणि मिरची सगळ्यात शेवटी, ती मात्र मुक्कामाला येते. मी पाणी मागितलं. सगळे खूश झाले.

जेवणानंतर त्या घरातली आजी माझ्याजवळ येऊन बसली. तिने नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही. "माहेर कुठलं?" चिपळूण, म्हटलं. ते कुठे आलं हे समजावून सांगितलं. "लई लांब दिलं तुले," ती हळहळली. तिचं माहेर भादली. असोद्याच्या पुढचंच गाव. मी म्हटलं, मग काय, हवं तेव्हा जाता येत असेल. आजीने हात उडवला. "हवं तेव्हा? आखाजीले जायचं. ते बी सासूनं धाडलं तर." आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, खान्देशातल्या सासुरवाशिणींचा सण, माहेरी यायचं, झोके घ्यायचे, गाणी म्हणायची. मग म्हणाली, आता नातू मोटारसायकलवर दहा मिनिटांत नेतो, पण आता तिथे जाऊन करायचं काय? भावजय दारात बसते, ऐकू येत नाही तिला. दोघी नुसत्या बसून राहतो.

भादलीचं नाव निघालं तसं मला स्टेशन आठवलं. त्याच नातवाने मला मोटारसायकलवर तिथे सोडलं. भादली हे जळगावहून भुसावळकडे निघाल्यावरचं लहानसं स्टेशन. पॅसेंजर थांबते, एक्सप्रेस शिटी मारत निघून जातात. 5 मे 1918 ला याच स्टेशनाजवळ रुळांवर गाडीखाली सापडून बालकवी गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. 'फुलराणी' आणि 'औदुंबर' लिहिणारा माणूस या रुळांवर संपला, याबद्दल नाना कथा आहेत, आणि त्यातली एकही मला तिथे बसून खरी करून घ्यावीशी वाटली नाही. पॅसेंजरला वेळ होता. बाकावर एक म्हातारे शेंगा सोलत होते.

मला एक साल डोक्यातून जात नव्हतं. 1907. त्या साली जळगावात कविसंमेलन भरलं, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावचा, सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोंबरे तिथे उभा राहिला, त्याने कविता म्हटली आणि सभा थक्क झाली. तिथेच त्याला 'बालकवी' म्हटलं गेलं. मराठी कवितेचा तो एक मोठा दिवस. आणि त्याच वर्षी त्याच गावातल्या चौधरी वाड्यात सत्तावीस वर्षांच्या बहिणाबाईंच्या मांडीवर नुकता जन्मलेला सोपान होता. संमेलनाला जमलेल्या जाणत्या मंडळींना कविता हवी होती, आणि ती हाकेच्या अंतरावर, लेवा बोलीत, जात्यावर चालली असणार. कुणी तिकडे कान देण्याचं कारणच नव्हतं. बाईंनाही संमेलनाशी काही कर्तव्य नसणार. घरात तान्हं, शेतात काम.

याचा कुणावर ठपका ठेवता येत नाही. कीर्तिकरांनी दळणाऱ्या बाईला व्यासपीठावर बसवायला हवं होतं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? आजही मी संमेलनांना जाते, परीक्षक म्हणून बसते, आणि संमेलनाच्या मांडवामागे भाकरी थापणाऱ्या बायका काय गुणगुणतात ते ऐकायला कधी गेलेली नाही. पण भादलीच्या फलाटावर बसलं की हा हिशेब आपोआप मांडला जातो. ज्याच्याभोवती सभा जमली तो अकरा वर्षांत गेला, तोही तिच्या माहेराच्या शिवेवर येऊन. जिच्याकडे कुणी पाहिलं नाही ती त्यानंतर तेहेतीस वर्षं गात राहिली, आणि ती गेल्यावर वही उघडली गेली. दोघांची कधी गाठ पडली का? पडली असती तरी दोघांनी एकमेकांना कवी म्हणून ओळखलं नसतं.

पॅसेंजर आली, म्हाताऱ्यांनी शेंगांची टरफलं बाकाखाली ढकलली आणि मला जागा धरून दिली. एकच स्टेशन तर होतं.

उरलेले दिवस मी परत काहीच केलं नाही. एकदा मुद्दाम असोद्याला शेअर रिक्षाने गेले, आजीला भेटले, वांगी घेतली. घरधन्याने पैसे घेतले, पण दोन वांगी वर टाकली आणि तंबी दिली: फ्रिजमध्ये ठेवायची नाहीत. लॉजच्या काकांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याविषयी त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

परतीच्या गाडीत समोरच्या बर्थवर यावल तालुक्यातलं जोडपं होतं, मुलाकडे निघालेलं. पिशवीतून बाहेर आलेले देठ काकूंच्या नजरेतून सुटले नाहीत. "कुठली?" असोद्याची, मी अभिमानाने सांगितलं. काकूंनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी खिडकीबाहेर. "बरी असतात," काकू म्हणाल्या. "पण वांगं म्हणजे बामणोदचं." त्यावर वरच्या बर्थवरून एक तरुण उतरला, तो निघाला भादलीचा, आणि त्याला दोन्ही गावं मान्य नव्हती. पाचोरा गेलं. चाळीसगाव गेलं. माती, पाणी, बी, पऱ्हाट्या की तुराट्या, मुसळ सागाचं की बाभळीचं, असा एकेक मुद्दा निघत राहिला. तिकीट तपासनीस आला, त्यानेही आपलं मत दिलं. तो भुसावळचा होता. शेवटी काकूंनी स्टीलचा डबा उघडला आणि माझ्यासमोर धरला: "आधी खा, मंग बोल." मी खाल्लं. मिरची असोद्यापेक्षा जास्त होती.